मुलींना पंधरा मिनिटे आधी सोडायचे, की मुलांशी बोलायचे?

मलप्रभाकाठची शिक्षिका

सर्वांना नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका मराठी हायस्कूलमध्ये गेली एकोणीस वर्षे शिकवते आहे. एका प्रश्नाने काही आठवड्यांपासून माझी झोप उडवली आहे, म्हणून तो सविस्तर मांडते.

आमच्या शाळेपासून बसथांबा चालत सात-आठ मिनिटांवर आहे. वाटेत पिंपळाचा कट्टा आणि त्याला लागून एक पानपट्टी आहे. शाळा सुटण्याच्या सुमारास या कट्ट्यावर दहा-बारा मुले येऊन बसतात. त्यांतली काही शिक्षण सोडलेली, काही आमच्याच शाळेतून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली आणि, सांगताना मान खाली जाते, दोघे-तिघे तर आज दहावीच्या वर्गात माझ्यासमोर बसणारे आहेत. मुली थांब्याकडे निघाल्या की शिट्ट्या सुरू होतात, नाव घेऊन हाका मारल्या जातात, गाण्याची एखादी ओळ मोठ्याने म्हटली जाते आणि कोणीतरी मोटारसायकल रेस करत त्यांच्या अगदी अंगाजवळून नेतो. अजून कोणी हात लावलेला नाही, त्यामुळे काही झालेलेच नाही असे म्हणणे सर्वांना सोपे जाते.

नववीतली एक मुलगी डिसेंबर उजाडला तरी रोज छत्री उघडून थांब्यापर्यंत जाते, हे मला आमच्या शिपाईमामांनी दाखवले. आमच्याकडचा पाऊसच असा आहे, की ऑक्टोबरपर्यंत दप्तरात छत्री असण्याचे कोणालाच नवल वाटत नाही. म्हणून माझ्याही ते लक्षात आले नव्हते. त्या दिवशी मी मुद्दाम तिच्या मागून चालत गेले. पिंपळापाशी आल्यावर तिने छत्री डोक्यावरून उतरवून कट्ट्याच्या बाजूला आडवी धरली आणि पाय उचलले. दुसऱ्या दिवशी मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "ऊन लागतं बाई." वेळ संध्याकाळी साडेचारची आणि वर पिंपळाची दाट सावली.

गेल्या आठवड्यात पालकसभा झाली. पंधरा वर्षांपूर्वी असा विषय सभेत निघालाच नसता. एखाद्या आईने माझ्या कानात सांगितले असते आणि तो तिथेच विरला असता. या वेळी एक वडील स्वतः उभे राहून बोलले, याचे मला मनापासून समाधान वाटले. पण पुढे उपाय म्हणून जे सुचवले गेले ते सगळे मुलींसाठीच होते: त्यांना पंधरा मिनिटे आधी सोडावे, त्यांनी घोळक्यानेच जावे, मोबाइल जवळ ठेवू नये, वाटेत हसू-बोलू नये. दोन पालकांनी तर दहावीनंतर मुलीला पीयूसीसाठी, म्हणजे अकरावी-बारावीसाठी, बेळगावला पाठवणारच नाही असे सांगून टाकले. रोजची पंधरा मिनिटे म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्यात दीड तास होतो आणि शेवटचा तास बहुतेक वर्गांत गणिताचा आहे. ज्यांनी काहीच केले नाही त्यांचे गणित बुडणार आणि कट्ट्यावर बसणाऱ्यांचे काहीच बुडणार नाही. मुलांनी काय करू नये यावर त्या सभेत एक वाक्यही झाले नाही.

मला मुलांशी बोलायचे आहे. "तुमच्या बहिणीला कोणी असे केले तर चालेल का?" हे वाक्य मी एकोणीस वर्षे वापरले आहे आणि त्याचा उपयोग होत नाही, कारण प्रत्येक मुलगा स्वतःच्या बहिणीला जपायला तयारच असतो. दरवर्षी ३ जानेवारीला सावित्रीबाईंवर भाषण करणारा, शाळेच्या वाटेवर त्यांच्या अंगावर शेण फेकले जात असे हे सांगताना ज्याचा आवाज दाटून येतो, तो मुलगाही त्या कट्ट्यावर बसतो, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे त्याला जाणवत नाही. शिवाय या वयात कोणीतरी आवडणे स्वाभाविक आहे, तो गुन्हा नाही, हेही त्यांना सांगायला हवे. मग या दोहोंमधली रेषा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला कळेल अशा शब्दांत कशी दाखवावी? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

टिळकवाडीकर

बाई, तुमची तळमळ पोहोचली. मी बासष्ट वर्षांचा आहे आणि माझी बाजू थोडी वेगळी असली तरी ती ऐकून घ्यावी, अशी विनंती करतो.

आम्ही १९८२-८३च्या सुमारास कॉलेजला होतो. तेव्हा बेळगावात टिळकवाडीच्या पहिल्या रेल्वे गेटला फाटक पडले की दोन्ही बाजूंना सायकलींची रांग लागायची. मीटरगेजची गाडी जाईपर्यंतचा तो वेळ आमच्या दिवसातला सर्वांत सुखाचा वेळ होता. नजरानजर व्हायची, कोणीतरी एखादे वाक्य टाकायचे, मुली तोंडावर रुमाल धरून हसायच्या, फाटक उघडायचे आणि सगळे आपापल्या वाटेने जायचे. त्यात कोणाच्या मनात वाईट नव्हते. आज माझा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे आणि वर्गातल्या मुलीला वही मागायलाही बिचकतो. आपण प्रत्येक थट्टेला गुन्हा म्हणू लागलो, तर मुले-मुली एकमेकांशी बोलायचे कसे शिकणार? पंधरा वर्षांच्या पोराचे नाव पोलिसांत गेले तर त्याचे आयुष्य बरबाद होईल. म्हणून समजुतीने घ्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

शहापूरची आजी

टिळकवाडीकर, तुम्ही ज्या फाटकाचे वर्णन केले, त्याच फाटकाशी मीही सायकल धरून उभी असायचे. वर्षेही तीच होती. त्यामुळे मला लिहिणे भाग आहे.

फाटक पडले की मला तिथून निघता यायचे नाही. पुढे रूळ, मागे सायकलींची गर्दी आणि हातात सायकल. तुमच्यासाठी तो सुखाचा वेळ होता, कारण आम्ही कुठे जाऊ शकत नव्हतो. मिरजेच्या गाडीची वेळ मला तोंडपाठ होती आणि ती गाडीला बसायचे म्हणून पाठ केलेली नव्हती. ती गाडी येण्याच्या आधी फाटक ओलांडायचे किंवा ती गेल्यावरच तिथे पोहोचायचे, आणि दोन्ही जमले नाही तर दुसऱ्या गेटला वळसा घालून जायचे, असा माझा तीन वर्षांचा नेम होता. तोंडावर रुमाल धरून आम्ही हसत होतो असे तुम्हाला वाटले. माझ्या रुमालामागे कधी हसू होते, कधी रडू होते आणि बहुतेक वेळा नुसते ओठ आवळलेले होते.

घरी सांगायची सोय नव्हती. आई म्हणायची, हत्ती चालला की कुत्री भुंकतातच, तू लक्ष देऊ नकोस. माझ्या धाकट्या बहिणीने एकदा वडिलांना सांगितले. वडील त्या मुलाच्या घरी गेले नाहीत. त्यांनी बहिणीचे कॉलेज बंद केले. "इतक्या पोरी जातात, हिलाच का शिट्टी मारली?" असा प्रश्न आमच्या ओसरीवर चार नातेवाइकांसमोर विचारला गेला. पुढच्या मे महिन्यात तिचे लग्न झाले. ती आज सुखात आहे, पण नातवंडांच्या शाळेचा फॉर्म भरताना शिक्षणाच्या रकान्यापाशी ती पेन थांबवते, हे मी पाहिलेले आहे.

आपल्या भाषेनेही या प्रकाराला फार लाडाचे नाव दिले आहे. वीणेची तार छेडतात आणि मुलीचीही छेड काढतात. इंग्रजीतला ईव्ह टीझिंग हा शब्दही तसाच खेळकर आहे. नाव खेळाचे दिले की तक्रार करणारी रडकी ठरते.

आता बाईंच्या रेषेबद्दल लिहिते. त्याच काळात ग्रंथालयात एका मुलाने मला सरळ विचारले होते, की तुमच्याशी ओळख वाढवायला मला आवडेल, तुम्हाला चालेल का? टेबलावर आम्ही दोघेच होतो, दार उघडे होते आणि मी उठून जाऊ शकत होते. मी नाही म्हटले. तो "बरं" म्हणाला आणि पुन्हा वाचायला लागला. पुढची दोन वर्षे तो समोर आला की मान हलवून पुढे जायचा. मला त्याची कधीच भीती वाटली नाही, आणि खरे सांगायचे तर त्याच्याविषयी आजही मनात आदर आहे. बाई, मुलांना हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून सांगा. समोरच्या मुलीला नाही म्हणता येते का, आणि नाही म्हटल्यावर तिथून निघून जाता येते का, एवढेच त्यांनी स्वतःला विचारावे. फाटकापाशी मला यातले काहीच करता येत नव्हते.

निवृत्त वाहक

मी तीस वर्षांहून अधिक काळ बेळगाव विभागात वाहक होतो. खानापूर, जांबोटी, नंदगड या बाजूच्या फेऱ्या मी पुष्कळ केल्या आहेत. बसमध्ये काय चालते हे वाहकाला सर्वांत आधी कळते, आणि सुरुवातीची कित्येक वर्षे आम्ही ते पाहून न पाहिल्यासारखे केले, हे मी मान्य करतो. "पुढं सरका, पुढं सरका" असे ओरडत मागच्या घोळक्यापासून मुलींना पुढे काढायचे, एवढाच माझा उपाय होता. बाईंच्या सभेतील पालकांसारखाच, कारण त्यातही जागा मुलीनेच सोडायची होती.

एकदा मागच्या सीटवरून तीन तरुण एका शाळकरी मुलीला सतत बोलत होते. मी नेहमीप्रमाणे तिला पुढे ये म्हणालो. ती जागची हलली नाही आणि म्हणाली, "मामा, मी तिकीट काढलंय, त्यांना खाली उतरवा." त्या वेळी बसमध्ये साठ माणसे होती आणि सगळी एकदम गप्प झाली. मी डबल बेल दिली नाही, गाडी उभीच ठेवली. पाच मिनिटांनी प्रवासीच त्या पोरांवर ओरडू लागले, कारण प्रत्येकाला घरी जायचे होते. पोरे उतरली. त्या दिवशी मला कळले, की गाडी थांबली आणि खोळंबा झाला, की चारचौघांना बोलायला तोंड फुटते.

११ जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकच्या साध्या बसमधून राज्यातील स्त्रियांना मोफत प्रवास मिळू लागला आणि गाडीचे रूपच पालटले. पूर्वी दुपारच्या फेरीला चार बायका असायच्या, आता निम्म्याहून अधिक गाडी बायकांनी भरते. शिट्टी मारणाऱ्याकडे एकदम वीस बायका वळून पाहतात आणि त्यांतली एखादी म्हातारी सरळ विचारते, "काय बघूलालास रे?" हा बदल मोठा आहे. मात्र गर्दी वाढल्याने धक्काबुक्कीच्या आडून अंगचटीला येणाऱ्यांना निमित्तही मिळते, हेही लपवण्यासारखे नाही. बाई, तुमच्या थांब्यावर येणाऱ्या फेरीच्या वाहकाला एकदा भेटा. गाडी दोन मिनिटे आधी येऊन उभी राहिली, तर मुलींना उघड्यावर ताटकळावे लागणार नाही.

अनगोळची आई

एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून थोडक्यात लिहिते. आपल्या भागात या प्रकाराला भाषेचा रंग फार लवकर चढतो. माझ्या मुलीला बस स्टँडजवळ दोन मुलांनी त्रास दिला, तेव्हा तिने घरी येऊन पहिले वाक्य उच्चारले ते असे: "आई, दादाला सांगू नको, ते कन्नड बोलत होते." तिला त्या मुलांपेक्षा पुढे होणाऱ्या भांडणाची भीती अधिक वाटली. माझ्या कन्नड शेजारणीची मुलगीही याच कारणासाठी मराठी मुलांविषयी घरी बोलत नाही, हे आम्हा दोघींना नंतर बोलता बोलता कळले. आपल्या गल्लीतली, आपल्या भाषेतली मुलगी ती बहीण आणि बाकीच्या परक्या, असे आपण मुलांना नकळत शिकवले आहे, आणि म्हणून बहिणीचे उदाहरण चालत नाही, असे मला वाटते. आता आम्ही दोघी शेजारणी दोन्ही मुलींना एकत्रच विचारतो आणि तक्रार करायची वेळ आली तर दोघींनी मिळून जायचे ठरवले आहे.

उद्यमबागचा फिटर

मी सव्वीस वर्षांचा आहे आणि उद्यमबागेत एका कारखान्यात काम करतो. बाईंनी वर्णन केलेल्या कट्ट्यावर, म्हणजे आमच्या गावच्या तशाच कट्ट्यावर, मी पीयूसीनंतरची दोन वर्षे बसलो आहे. आतून काय चालते ते सांगितले तर बाईंना उपयोग होईल, म्हणून लिहितो.

शिट्टी मुलीसाठी नसते. ती शेजारी बसलेल्या मित्रांसाठी असते. मी एकटा असताना आयुष्यात कधीही शिट्टी मारलेली नाही, आणि माझ्या ओळखीतला कोणीही एकटा असताना तसे करत नाही. घोळक्यात एकाने काही केले की दुसऱ्याने त्याच्या वरताण काही करायचे, आणि जो काहीच करत नाही त्याला सगळ्यांनी मिळून बायल्या म्हणायचे, असा तो खेळ असतो. मुलगी कोण आहे, तिला काय वाटते, याकडे आमचे लक्षच नसायचे. पुढे मी नाव विसरलो तरी तिला ती वाट कायमची लक्षात राहिली असेल, हा विचार मला खूप उशिरा सुचला.

माझे बसणे कसे सुटले ते सांगतो. एके दिवशी नर्सिंगला जाणारी एक मुलगी माझ्या शिट्टीनंतर थांबली, कट्ट्यापर्यंत चालत आली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "काय काम होतं?" ती रागावली असती तर आम्ही हसलो असतो, पळाली असती तरी हसलो असतो. पण तिने प्रश्न विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. शिट्टीनंतरचे वाक्य आमच्यापैकी कोणाकडेच कधी नव्हते. मी खाली पाहत "काही नाही" म्हणालो. ती "मग ठीक आहे" म्हणून निघून गेली आणि आमच्या घोळक्यात बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मुलींनी असे करावे असा सल्ला मी देत नाही, कारण दुसऱ्या एखाद्या कट्ट्यावर तिला इजाही झाली असती. पण बाई, वर्गात मुलांना हाच प्रश्न विचारा. शिट्टी मारलीस, ती थांबली, आता पुढे काय बोलणार आहेस ते कागदावर लिही. बहुतेकांचा कागद कोरा येईल आणि मग खरे बोलणे सुरू होईल.

अजून एक विनंती आहे. मुलांना एकत्र बसवून रागावू नका. घोळक्यात रागावले की रागावून घेणे हीसुद्धा फुशारकी होते. दोघा-दोघांना बोलवा.

टिळकवाडीकर

शहापूरच्या ताई, फाटकाची ती बाजू मी चाळीस वर्षांत पाहिली नव्हती. तुमचे लिहिणे वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलो. त्या रांगेत मीही वाक्ये टाकलेली आहेत आणि ती कोणाला ऐकू गेली असतील, हे मला आज कळणार नाही. त्यात कोणाच्या मनात वाईट नव्हते, हे माझे वाक्य मी मागे घेतो. पोलिसांविषयीची माझी काळजी मात्र अजून तशीच आहे. कोवळ्या वयाच्या मुलाला एका शिट्टीसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावणे मला पटत नाही. कायदा जाणणाऱ्या कोणी यावर लिहिले तर बरे होईल.

न्यायालयातील एक वकील

टिळकवाडीकरांनी विचारले आहे आणि बाईंनाही माहीत असणे आवश्यक आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम ७५ नुसार स्त्रीला उद्देशून लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी करणे हा लैंगिक छळ आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम ७८ पाठलागाविषयी आहे; पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात आहे. स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करण्याच्या हेतूने शब्द उच्चारणे, आवाज काढणे किंवा हावभाव करणे यासाठी कलम ७९ आहे आणि त्याखाली तीन वर्षांपर्यंत साधा कारावास व दंड होऊ शकतो. जुन्या संहितेतील कलम ५०९ मध्ये २०१३पूर्वी याच कृत्याला फार तर एक वर्षाची शिक्षा होती. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या समितीने २३ जानेवारी २०१३ रोजी अहवाल दिला आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. शिक्षा तेव्हा वाढली आणि पाठलाग हा स्वतंत्र गुन्हाही तेव्हाच ठरला.

शहापूरच्या आजींनी सांगितलेली कसोटी कायद्यातही आहे, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. पाठलागाच्या कलमात स्त्रीने स्पष्टपणे अनिच्छा दाखवल्यानंतरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणे किंवा साधण्याचा प्रयत्न करणे, हा गुन्ह्याचा गाभा आहे. ग्रंथालयात एकदा विचारून "बरं" म्हणणाऱ्या मुलाला कोणताही कायदा हात लावत नाही, त्यामुळे टिळकवाडीकरांच्या पुतण्याने वही जरूर मागावी. सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये पवन कुमार विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य या खटल्यात स्पष्ट केले आहे, की प्रेम करण्याची सक्ती कोणत्याही स्त्रीवर करता येत नाही आणि नकार देण्याचा तिचा हक्क पूर्ण आहे.

वाहककाकांनी गाडी उभी ठेवली, त्यालाही आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१२ रोजी एका निकालात छेडछाडीबाबत निर्देश दिले आणि त्यांत असे सांगितले, की प्रवासी वाहनात असा प्रकार घडून पीडितेने तक्रार केली तर चालक-वाहकांनी ते वाहन जवळच्या पोलीस ठाण्यात न्यावे. बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणी साध्या वेशातील महिला पोलीस नेमण्याचा निर्देशही त्याच निकालात आहे.

आता बाईंसाठी सर्वांत महत्त्वाचे. तुमच्या विद्यार्थिनी अठरा वर्षांखालील आहेत, म्हणून त्यांना २०१२चा पॉक्सो कायदा, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचे संरक्षण करणारा कायदा, लागू होतो. लैंगिक हेतूने शब्द उच्चारणे, हावभाव करणे, सतत मागे जाणे हे त्याच्या कलम ११ मध्ये येते आणि कलम १२ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीवर ती कळवण्याचे बंधन आहे आणि न कळवणे हाही कलम २१ खाली गुन्हा ठरतो. संस्थेच्या प्रमुखावर ही जबाबदारी अधिक आहे. त्यामुळे प्रकार या पायरीला पोहोचला, की तो शाळेच्या पातळीवर मिटवून टाकण्याची मुभा तुम्हाला नाही.

टिळकवाडीकर, तुमच्या काळजीचे उत्तर २०१५च्या बाल न्याय कायद्यात आहे. अठरा वर्षांखालील मुलगा बाल न्याय मंडळापुढे जातो आणि किरकोळ स्वरूपाच्या कृत्यासाठी मंडळ त्याला समज देऊ शकते, समुपदेशनाला पाठवू शकते किंवा समाजसेवा करायला सांगू शकते. एका चुकीने त्याचे आयुष्य बरबाद होऊ नये, ही काळजी कायद्याने आधीच घेतलेली आहे. उलट ज्या मुलीचे कॉलेज बंद होते तिच्यासाठी असे कोणतेही मंडळ नसते.

अनगोळच्या ताईंचा मुद्दा मला रोज दिसतो. ठाण्यातील कागद कन्नडमध्ये असतात आणि मराठी घरातील बायका तिथेच कचरतात. तक्रार तोंडी सांगता येते. ती लिहून घेतल्यावर सांगणाऱ्याला वाचून दाखवली पाहिजे, न्याय संहितेच्या वरील कलमांखालील गुन्ह्यांत ती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवली पाहिजे आणि प्रथम माहिती अहवालाची प्रत विनामूल्य दिली पाहिजे. हे सारे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. मजकूर समजल्याशिवाय सही करू नका, आणि समजावून सांगा असे म्हणायला संकोच करू नका. तातडीची मदत ११२ वर मिळते आणि मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

मलप्रभाकाठची शिक्षिका

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. गेल्या बारा दिवसांत जे केले ते सांगते.

सर्वप्रथम मुख्याध्यापकांशी बोलून शाळा सुटण्याची वेळ बदलायची नाही, असे आम्ही ठरवले. पॉक्सोतील बंधनाविषयी मी वकीलसाहेबांचे लिखाण त्यांना वाचून दाखवले, आणि मुलींशी बोलण्यासाठी दोन शिक्षिकांना नेमून जे समजेल ते लगेच लिहून ठेवायचे व कळवण्याजोगे असेल ते कळवायचे, असा निर्णय त्यांनी घेतला.

फिटरदादांनी सांगितल्याप्रमाणे दहावीच्या मुलांना मी दोघा-दोघांनी बोलावले आणि तो कागद दिला. अकरा कागद कोरे आले. एकाने "सॉरी" लिहिले होते. ३ जानेवारीला भाषण करणाऱ्या मुलाने बराच वेळ पेन धरून ठेवले आणि मग म्हटले, "बाई, ती थांबेल असं कधी वाटलंच नाही." मी त्याला आजींचा फाटकाचा प्रसंग सांगितला. त्याने एकच प्रश्न विचारला, की त्या बहिणीचे कॉलेज पुन्हा सुरू झाले का. मी नाही म्हटले. तो त्या दिवशी कट्ट्यावर बसला नाही; पुढे काय होईल ते मी आत्ताच सांगू शकत नाही.

मोठ्या मुलांपर्यंत माझा आवाज पोहोचत नव्हता. ती मुले आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाचीच आहेत, म्हणून मी मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीने चहा ठेवला आणि बोलणे निम्म्यावर आले असताना स्वयंपाकघरातूनच म्हणाली, की मीही याच वाटेने शाळेला जात होते. अध्यक्ष त्यानंतर फारसे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते स्वतः कट्ट्यावर येऊन बसले आणि तेव्हापासून रोज साडेचारला येत आहेत. कट्ट्यावर हल्ली चार-पाचच मुले असतात आणि मोटारसायकली थांब्याच्या पलीकडे लागतात.

पीयूसीला पाठवणार नाही म्हणणाऱ्या दोन पालकांपैकी एकांच्या घरी जाऊन आले. त्यांनी विचार करतो म्हटले आहे. दुसऱ्यांकडे रविवारी जायचे आहे. शहापूरच्या आजी, आपली हरकत नसेल तर आपल्या बहिणीची हकिकत मी त्यांना नाव न घेता सांगेन.

खानापूरच्या फेरीचे वाहक भेटले. गाडी आधी आणणे त्यांच्या हातात नाही, पण शनिवारी सकाळच्या शाळेनंतर वडापची खासगी गाडी येईपर्यंत मुलींना सर्वांत जास्त वेळ थांबावे लागते, हे त्यांनीच लक्षात आणून दिले. म्हणून या शनिवारपासून साडेअकराला मी आणि दोन पालक थांब्यावर उभे राहणार आहोत. त्या दोघांत एक वडील आहेत, सभेत उभे राहून बोलले होते तेच.

छत्री अजून दप्तरात आहे. काल तिने ती पिंपळापर्यंत मिटलेली ठेवली होती.